सदातुर सेवक : कृषी विद्यापीठातील कर्मचारी आणि आरोग्यसापेक्ष जीवनगुणवत्ता

प्रस्तुत लेखाचा आरंभ आम्ही आमच्याच एका चुकीने करीत आहोत. परभणी येथील आमच्या चिकित्सालयात काही वर्षांपूर्वी कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर काम करणारे एक सहायक जानुसंधिगत वाताची तक्रार घेऊन आले. वय पन्नाशीच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांत वेदना, उठता-बसता आवाज, सकाळी काही काळ जखडलेपणा. स्नेहन, स्वेदन, मात्राबस्ती व गुग्गुळकल्प असा क्रम आम्ही योजिला. तीन महिन्यांनी त्यांनी वेदना बरीच कमी झाल्याचे सांगितले. रुग्णपत्रिकेवर आम्ही समाधानाने ‘उपशय’ असा शेरा लिहिला.

पुढे त्यांच्या पत्नी स्वतःच्या अम्लपित्तासाठी आल्या, तेव्हा बोलता बोलता खरी हकीकत कळली. यजमानांनी प्रक्षेत्राच्या पलीकडच्या टोकाला जाणे सोडले होते. तिकडच्या नोंदी दुसरे कोणी आणून देई. पंगतीला मांडी घालता येत नाही म्हणून लग्नकार्यास जाणे बंद झाले होते. एस.टी.ची पायरी चढवत नाही म्हणून दरवर्षीचे गंगाखेडचे गोदास्नानही राहिले होते. चालणेच कमी केल्यावर गुडघा दुखणार तरी कशाला? वेदना कमी झाली होती, परंतु तिच्याबरोबर त्या गृहस्थांचे आयुष्यही आखडले होते. आमच्या पत्रिकेत मात्र पहिल्याच गोष्टीसाठी रकाना होता, दुसरीसाठी नव्हता.

हा दुसरा रकाना म्हणजेच ‘आरोग्यसापेक्ष जीवनगुणवत्ता’. विद्यापीठीय कर्मचाऱ्यांच्या संदर्भात तिचा विचार आपल्या व्यवसायबंधूंपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संकल्पना : नवी व जुनी

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अंमलात आली. रोग नसणे एवढ्यावर आरोग्य संपत नाही, शरीर, मन व समाजजीवन या तिन्ही अंगांनी माणूस सुस्थितीत असला पाहिजे, ही भूमिका तिने घेतली. पुढे १९९० च्या दशकात याच संघटनेने जीवनगुणवत्ता मोजण्यासाठी प्रश्नावली सिद्ध केली. जगातील १५ केंद्रांत तिची प्राथमिक चाचणी झाली आणि त्यांत आपल्याकडील दिल्ली व तेव्हाचे मद्रास ही दोन केंद्रे होती. मूळ प्रश्नावली १०० प्रश्नांची असून तिचे संक्षिप्त रूप २६ प्रश्नांचे आहे. त्यांतील दोन प्रश्न सर्वसाधारण आहेत. उरलेल्यांपैकी सात शारीरिक, सहा मानसिक, तीन सामाजिक संबंधांविषयी व आठ परिसराविषयी आहेत. मागील दोन आठवड्यांचा अनुभव ध्यानात घेऊन रुग्णाने स्वतः एक ते पाच या श्रेणीत उत्तर द्यावयाचे असते. चारही क्षेत्रांचे गुण वेगवेगळे काढतात. त्यांची एकच बेरीज करीत नाहीत. १९९२ साली प्रसिद्ध झालेली ३६ प्रश्नांची दुसरी एक प्रश्नावलीही जगभर वापरात आहे. शरीराची कार्यक्षमता, वेदना, उत्साह, सामाजिक व्यवहार, मनःस्वास्थ्य इत्यादी आठ अंगे ती तपासते.

पहिल्या प्रश्नावलीतील शारीरिक क्षेत्राचे सात विषय वैद्याने मुद्दाम पाहावेत : वेदना, शक्ती, झोप, हिंडण्याफिरण्याची क्षमता, नित्यकर्मे, कामाची क्षमता आणि दैनंदिन जीवनासाठी औषधोपचारावर असलेले अवलंबित्व. या शेवटच्या विषयात अवलंबित्व जितके अधिक, तितके गुण कमी. रुग्ण जन्मभर आपल्या पुडीवर राहिला तर आपण त्यास निष्ठावंत रुग्ण म्हणतो. ही प्रश्नावली त्यास जीवनगुणवत्तेतील उणीव मानते. यावर आपण सर्वांनी थोडे थांबून विचार करावा.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आयुर्वेदाची व्याख्या करताना हितायु, अहितायु, सुखायु व दुःखायु असे आयुष्याचे चार प्रकार गणले. रोगांची यादी हा त्या व्याख्येचा पाया नाही. आयुष्य कसे जगले जाते, हा आहे. पुढे तिसाव्या अध्यायात सुखायूचे वर्णन येते. शरीर व मन रोगाने ग्रासलेले नसणे, बल, उत्साह, ज्ञान, इंद्रियांचे सामर्थ्य, हाती घेतलेले कार्य तडीस नेण्याची शक्ती हे सारे त्यात आहे. सुश्रुताचार्यांच्या स्वस्थलक्षणातही दोष, अग्नी, धातू व मलक्रियेच्या साम्याबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता अपेक्षिली आहे. म्हणजे जीवनगुणवत्तेची कल्पना आपणांस परकी नाही. ती पद्धतशीरपणे विचारण्याची व लिहून ठेवण्याची सवय मात्र आपणांस नाही.

सदातुर कोण?

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात एक मार्मिक प्रश्नोत्तर आहे. नेहमी आजारी असणारी माणसे कोणती व त्यांचे हित कशात आहे, असे अग्निवेश गुरूंना विचारतो. उत्तरादाखल चार वर्ग सांगितले आहेत : श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी. कारणेही दिली आहेत. श्रोत्रिय अध्ययन, व्रते व नित्यकर्मे यांत गुंतून देहाच्या हिताकडे पाहत नाही. राजसेवकाचे आयुष्य राजाचे मन सांभाळण्यात, दुसऱ्याच्या मर्जीत, चिंतेत व भीतीत जाते. पण्यजीवी सदैव बसून असतो आणि खरेदी-विक्रीच्या लोभात अडकतो. या सर्वांचा समान दोष असा की आलेले वेग ते अडवितात, वेळेवर जेवत नाहीत, मलविसर्जन व विहारही अवेळी करतात. पुढे आचार्य हेही नोंदवितात की दुसरे जे कोणी असे वागतील, तेही सदातुरच.

त्या एका पुस्तीने यादी सर्वांसाठी खुली झाली. आमच्या मते आजचा विद्यापीठीय कर्मचारी तिच्यात अग्रभागी बसावा. तो अध्यापन-संशोधन करतो, म्हणून श्रोत्रिय. शासनाची सेवा करतो, म्हणून राजसेवक. आणि दिवसभर खुर्चीत असतो, म्हणून आसनाच्या बाबतीत पण्यजीवी. तीन सदातुरांची कारणे एकाच देहात एकवटतात.

परभणीचे चित्र

मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी परभणी येथे झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. भेंडीचे ‘परभणी क्रांती’ वाण असो वा लोह-जस्ताचे प्रमाण अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी असो, या संस्थेच्या कामाचा लाभ शेतकऱ्याच्या शेतापर्यंत पोहोचला आहे. त्या कामामागे राबणारी माणसे आपल्या चिकित्सालयांत येतात, तेव्हा त्यांचे ढोबळ तीन वर्ग दिसतात.

पहिला वर्ग प्राध्यापक व शास्त्रज्ञांचा. अध्यापन, संशोधन व विस्तार अशी तिहेरी जबाबदारी, त्यात रिक्त पदांमुळे दुसऱ्याच्या कामाचा अतिरिक्त कार्यभार. लातूर, बदनापूर, अंबाजोगाई, गोळेगाव अशा ठिकाणी घटक महाविद्यालये असल्याने बदली झाली की मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब एकीकडे व आपण दुसरीकडे असा संसार होतो. यांच्यात रात्रिजागरण, विषमाशन, अम्लपित्त, शिरःशूल, ग्रीवाशूल व रक्तदाबवृद्धी आम्हास वारंवार आढळते.

दुसरा वर्ग कार्यालयीन सेवकांचा. लेखा, आस्थापना, परीक्षा या विभागांत आसन दीर्घ व चालणे अल्प. अर्श, मलावष्टंभ, कटिशूल, स्थौल्य व प्रमेह ही यांची परिचित मालिका आहे. त्यात आर्थिक चिंतेची भर पडते. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांसाठी निवृत्तिवेतनाची पद्धत बदलली आणि मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या योजनेसाठी संप केला, हे सर्वांस स्मरत असेल. आचार्यांनी राजसेवकाविषयी सांगितलेले चिंता व भय हेच. हा विषय मागण्यांचा खराच. परंतु रात्री तीन वाजता जाग येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो निदानाचाही विषय ठरतो.

तिसरा वर्ग प्रक्षेत्रावरील सहायक, यंत्रचालक व मजुरांचा. यांच्या वाट्यास आसनाऐवजी अतिश्रम, आतप व धूळ येते. विद्यापीठाचा खरीप शेतकरी मेळावा स्थापना दिनी, १८ मे रोजी भरतो. ते दिवस परभणीत पारा ४४ अंशांपलीकडे जाण्याचे. त्याच सुमारास पेरणीपूर्व कामांची घाई असते. उन्हाने येणारा मूर्च्छा-भ्रम, मूत्रदाह, अश्मरी, त्वचाविकार व सांधेदुखी घेऊन ही मंडळी येतात. प्रक्षेत्रावरील स्त्री-कामगारांचा एक प्रश्न विशेष आहे. आडोसा व स्वच्छतागृह जवळ नसेल तर त्या मूत्रवेग धरून ठेवतात, आणि तो वेळ येऊच नये म्हणून भर उन्हात पाणीच कमी पितात. मूत्रकृच्छ्राचे चूर्ण दर महिन्यास देऊनही गुण टिकत नाही, अशी भगिनी आली तर औषध बदलण्यापूर्वी ती काम करते तेथून स्वच्छतागृह किती दूर आहे, हे विचारावे. आम्ही हा प्रश्न फार उशिरा विचारू लागलो.

येथे प्रश्नावलीतील परिसरक्षेत्राचे महत्त्व ध्यानी येते. सुरक्षितता, घर, पैसा, आरोग्यसेवा, माहिती, विरंगुळा, भोवतालचे वातावरण व प्रवासाची सोय हे त्यातील आठ विषय. एकाच विद्यापीठात, एकाच व्याधीने पीडित असा प्राध्यापक व मजूर यांची नाडी कदाचित सारखी लागेल. या आठ विषयांत मात्र दोघांची उत्तरे कधीच सारखी येणार नाहीत.

चिकित्सालयात काय करता येईल?

संशोधन करावयाचे असल्यास प्रश्नावलीचा अधिकृत अनुवादच योग्य अनुमतीने वापरावा; प्रश्न आपल्या सोयीने बदलू नयेत, अन्यथा गुणांना अर्थ राहत नाही. नित्य व्यवहारात मात्र प्रत्येक जीर्ण रुग्णास प्रथम भेटीत व नंतर दर तीन महिन्यांनी पुढील गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात :

१. या दुखण्यामुळे आपण कोणते काम, कोणते जाणे-येणे सोडले आहे?
२. सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटते का? मध्येच जाग येते का?
३. दुपारचे जेवण किती वाजता, कोठे व किती वेळात होते?
४. मल-मूत्राचा वेग आल्यावर कामावरून उठता येते का?
५. सलग किती वेळ बसणे, उभे राहणे वा उन्हात असणे घडते?
६. घरात व मित्रमंडळीत मन रमते का? मनातले बोलावे असे कोणी आहे का?
७. औषध एक दिवस चुकले तर काय होते?

यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. ‘दुखते का?’ या प्रश्नास रुग्ण आपल्याला बरे वाटेल असे उत्तर देतो. ‘काय सोडले?’ या प्रश्नास तो खरे उत्तर देतो.

चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन. परंतु नोकरी हेच निदान असेल तर तिचे परिवर्जन कसे करावे? येथे उपदेश लहान व पाळता येण्याजोगा हवा. तासाभराने खुर्चीतून उठून चार पावले चालणे, भोजनाची एकच वेळ ठरविणे, वेग आल्यास फाईल बाजूस ठेवणे, निजण्यापूर्वी पादाभ्यंग करणे, एवढे बहुतेकांस जमते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. बैठ्या सेवकास तो अवश्य सांगावा. मात्र ग्रीष्मात व्यायाम कमी करावा हे ऋतुचर्येचे वचन स्मरून वैशाख-ज्येष्ठात तो पहाटेवर आणावा व मात्रा घटवावी. दिवसभर राबणाऱ्या मजुरास व्यायामाचा उपदेश करणे हास्यास्पद आहे. त्यास सावलीतील विश्रांती, धने-जिऱ्याचे पाणी, पातळ ताजे ताक व डोक्यास पांढरा रुमाल सांगावा. घाम फार जाऊन गळून गेल्यास मीठ-साखरेचे द्रावण द्यावे. शुद्ध हरपणे, बडबड, अंग तापून कोरडे पडणे ही लक्षणे दिसताच अंग गार करीत रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे.

सदातुरांसाठी त्याच अध्यायात फलवर्ती व निरूह बस्तीचा उपक्रम सांगितला आहे. वेगधारणाने वायू प्रतिलोम होतो, म्हणून त्याच्या अनुलोमनावर भर, हा त्यामागील विचार. रुग्णाचे बल पाहून वैद्याने तो स्वतःच्या देखरेखीखाली करावा. यासोबत रक्तदाब व रक्तशर्करा यांची तपासणी कधीही टाळू नये. उपाशीपोटी शर्करा १२६ वा अधिक, किंवा रक्तदाब पुनःपुन्हा १४०/९० वा अधिक आढळल्यास पुढील तपासणी करवून घ्यावी. छातीत दाब, मलातून रक्त, अकारण वजन घटणे, पायांतील बधिरता वाढत जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, आत्मघाताचे विचार बोलून दाखविणे, यांपैकी काहीही आढळल्यास संबंधित तज्ज्ञाकडे पाठविण्यास एक दिवसही विलंब करू नये. त्यात कमीपणा नाही.

औषधी विक्रेते बंधूंना विनंती

विद्यापीठातील अनेक कर्मचारी वैद्याकडे येण्यापूर्वी आपल्या दुकानात येतात. त्यांच्या जीवनगुणवत्तेची पहिली जबाबदारी म्हणून आपणाकडे आहे. सोनामुखीयुक्त रेचक चूर्ण बैठ्या सेवकांत फार खपते. ते महिनोन्महिने घेतल्यास आतड्यास त्याची सवय लागते आणि शरीरातील पोटॅशियम घटू शकते. रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेणाऱ्यास हा धोका अधिक. ज्येष्ठमध दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो. लवणभास्करासारख्या चूर्णात मीठ पुष्कळ असते. म्हणून गिऱ्हाईक तिसऱ्यांदा तेच चूर्ण मागू लागले तर ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारून त्यास वैद्याकडे पाठवावे. सांधेदुखीवरची नाव-परवाना नसलेली पुडी तर कधीही विकू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत. दोन दिवसांत चमत्कार करणारी पुडी गुडघा बरा करीत नाही, ती फक्त हिशेब पुढे ढकलते.

या सल्ल्याने चार पुड्या कमी खपतील, हे आम्ही जाणतो. आमचेही काही जुने रुग्ण या विचाराने कमी वेळा येऊ लागले. औषधावरील अवलंबित्व कमी होणे हे यश मानावयाचे, तर त्याची झळ प्रथम आपल्यालाच लागणार. ती सोसण्याची तयारी नसेल तर सुखायूची व्याख्या भिंतीवर टांगून काय उपयोग?

उपसंहार

आरंभी सांगितलेल्या सहायकांकडे पुन्हा येतो. पत्नीचे बोलणे ऐकल्यावर आम्ही त्यांना बोलावून घेतले व काय काय सोडले याची यादी त्यांच्याच तोंडून लिहून काढली. क्ष-किरण तपासणी करून अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घेतले. औषधे निम्म्यावर आणली. मांड्यांच्या स्नायूंना बळ देणारे साधे व्यायाम शिकविले, काठी सुचविली, प्रक्षेत्रावर बसण्यास उंच स्टूल ठेवावयास सांगितले. काठी घेणे त्यांना प्रथम मानवेना. चार लोकांत म्हातारपण मिरविल्यासारखे वाटे. त्यांची समजूत घालण्यात दोन भेटी खर्ची पडल्या आणि त्या दोन भेटींत एकही औषध लिहिले गेले नाही.

पुढल्या वेळी आले तेव्हा आम्ही सवयीने विचारले, ‘दुखणं कसं आहे?’

‘दुखतंय डॉक्टरसाहेब, तेवढंच आहे,’ ते म्हणाले, ‘पण गंगाखेडला जाऊन आलो.’

जुन्या पद्धतीने पाहिले तर त्या दिवशी पत्रिकेवर ‘अनुपशय’ लिहावे लागले असते. आम्ही वेदनेच्या रकान्यात ‘पूर्ववत’ लिहिले, शेजारी पट्टीने एक नवा रकाना आखला आणि त्यात त्यांचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. तो रकाना आता आमच्या प्रत्येक पत्रिकेवर आहे. आपणही तो आखून पाहावा, ही नम्र विनंती.